सागरकाठचे सेंट अँड्रूज

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ नावाच्या परगण्यात, सेंट अँड्रूज हे एक लहानसे प्राचीन नगर वसले आहे. राजधानी एडिंबरोपासून ते रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. वस्ती अवघी सतरा-अठरा हजारांची. परंतु स्कॉटलंडच्या इतिहासात या नगराने जे स्थान मिळविले आहे, ते कित्येक मोठ्या शहरांनाही लाभलेले नाही. एके काळी हे त्या देशाचे धर्मपीठ होते, त्या देशातील पहिले विद्यापीठ येथेच स्थापन झाले आणि गोल्फ या खेळाचे माहेरघर म्हणून तर ते जगभर विख्यात आहे.

असे नगर पाहावयाचे ते घाईने नव्हे. तेथे जाण्याची वाटच मुळी प्रवाशाला सावकाश व्हायला शिकविते. गावातील रेल्वेस्थानक १९६९ साली बंद झाले. तेव्हापासून आगगाडीने येणाऱ्यास सुमारे आठ किलोमीटर अलीकडे, लूकर्स या स्थानकावर उतरावे लागते. तेथून बस निघते, ईडन नदीच्या मुखाला वळसा घालते आणि मग सपाट हिरव्या माळापलीकडे, सागराच्या कडेला, करड्या दगडाचे मनोरे दिसू लागतात. उन्हाळ्यात रात्री दहाच्या सुमारासही आकाशात उजेड असतो. हिवाळ्यात मात्र दुपारी चारच्या आतच दिवेलागण होते. कधी कधी भर उन्हाळ्यात समुद्रावरून थंड, दाट धुके चालून येते. तेथील लोक त्याला ‘हार’ म्हणतात. अशा वेळी मनोऱ्यांची टोके तेवढी वर राहतात आणि खालचे गाव दिसेनासे होते.

गावाची रचना मोठी बोलकी आहे. उत्तर रस्ता, बाजार रस्ता आणि दक्षिण रस्ता असे तीन मुख्य रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात आणि पुढे एकमेकांच्या जवळ येत एकाच दिशेला वळतात. ती दिशा महामंदिराची, म्हणजे तेथील कॅथेड्रलची होय. मध्ययुगात दूरदूरचे यात्रेकरू याच रस्त्यांनी चालत येत. येशू ख्रिस्ताचा शिष्य संत अँड्रू याच्या अस्थी रेग्युलस नावाच्या साधूने समुद्रमार्गाने येथे आणल्या, अशी आख्यायिका आहे. त्यावरूनच गावाला हे नाव मिळाले. रेग्युलसच्या, म्हणजेच संत रूलच्या नावाचा ३३ मीटर उंचीचा चौकोनी मनोरा बाराव्या शतकापासून आजतागायत ताठ उभा आहे.

त्याच्या शेजारी जे महामंदिर उभे राहिले, ते स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे होते. त्याची लांबी जवळजवळ १२० मीटर होती. बाराव्या शतकाच्या मध्यानंतर त्याचा पाया घातला गेला. मध्यंतरी एका वादळाने पश्चिमेची भिंत कोसळली, ती पुन्हा उभारावी लागली आणि अखेर १३१८ साली राजा रॉबर्ट ब्रूस याच्या उपस्थितीत त्याचा प्रतिष्ठाविधी झाला. सुमारे दीडशे वर्षे चाललेल्या या कामावर गवंड्यांच्या किती पिढ्या खपल्या असतील! ज्याने पहिला दगड घडविला, त्याच्या पणतूलाही कळस पाहावयास मिळाला नसेल.

एवढ्या परिश्रमाने उभी राहिलेली ही वास्तू आज पाहू गेल्यास काय दिसते? पूर्वेची एक भिंत, तिचे दोन मनोरे, पश्चिमेचा एक खंडित दरवाजा आणि या दोहोंच्या मध्ये हिरवळ. खांबांच्या जागी केवळ त्यांच्या बैठका उरल्या आहेत. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेची चळवळ उसळली. १५५९ च्या जूनमध्ये जॉन नॉक्स या सुधारकाने या नगरात प्रवचने केली आणि त्यानंतर जमावाने महामंदिरातील मूर्ती व वेदी उद्ध्वस्त केल्या. लवकरच ही वास्तू ओस पडली. मग छपराचे शिसे गेले, तुळया गेल्या आणि तयार घडविलेले दगड लोक आपल्या घरांसाठी नेऊ लागले.

तेथून समुद्राच्या कडेने थोडे पुढे गेले की धर्माधिकाऱ्यांचा किल्ला लागतो. त्याची कथा याहून दारुण आहे. १५४६ च्या मार्च महिन्यात जॉर्ज विशार्ट या सुधारकाला कार्डिनल डेव्हिड बीटन याने या किल्ल्यासमोर जिवंत जाळविले. तीन महिने होतात न होतात तोच, मे महिन्याच्या अखेरीस, विरोधकांनी किल्ल्यात शिरून बीटनचा वध केला आणि किल्ला ताब्यात घेतला. मग वर्षाहून अधिक काळ वेढा चालला. वेढा घालणाऱ्यांनी तटाखाली जाण्यासाठी खडकातून भुयार खोदण्यास प्रारंभ केला. आतल्या लोकांनी जमिनीला कान लावून घणांचे आवाज ऐकले आणि त्या दिशेने आपलेही भुयार खोदावयास घेतले. पहिले प्रयत्न चुकले. पण अखेर त्यांनी शत्रूचे भुयार नेमके गाठले. १५४७ च्या जुलैमध्ये फ्रेंच आरमाराच्या तोफांपुढे मात्र किल्ला टिकला नाही. विस्मरणात गेलेली ही भुयारे १८७९ साली पुन्हा सापडली. आजही प्रवासी कमरेत वाकून त्यांत उतरतात. शत्रूचे भुयार ऐसपैस आहे. बचाव करणाऱ्यांचे अरुंद, वाकडेतिकडे आणि घाईने खोदलेले आहे. भय आणि निकड यांची खूण खडकावर अशी उमटून राहिली आहे.

पुढे या किल्ल्याचेही महामंदिरासारखेच झाले. सतराव्या शतकात बंदराचा धक्का दुरुस्त करावयाचा होता, तेव्हा किल्ल्याचे दगड त्या कामी लावण्यात आले. उरलेल्या भागावर समुद्राने हात चालविला. १८०१ साली किल्ल्याचा मोठा दिवाणखाना कड्यासह लाटांत कोसळला. ज्या दगडांनी सत्ता मिरवावयाची, तेच दगड कोळ्यांच्या होड्यांना आसरा देऊ लागले. या नगरात हिंडताना अशा गोष्टींची चाहूल वारंवार लागते. जे थोड्यांच्या अधिकाराचे होते ते मोडले आणि जे अनेकांच्या वापरात राहिले ते टिकले. याची दोन ठळक उदाहरणे म्हणजे तेथील विद्यापीठ आणि तेथील माळ.

विद्यापीठाचा आरंभ १४१० साली काही मोजक्या विद्वानांनी अध्यापन सुरू केले तेव्हा झाला. १४१३ साली त्याला पोपची सनद मिळाली. इंग्रजी भाषकांच्या जगात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यानंतर याच विद्यापीठाचा क्रम लागतो. महामंदिर पडले, किल्ला पडला, राज्ये बदलली. पण येथील अध्यापन चालूच राहिले. उत्तर रस्त्यावरील संत साल्वेटरच्या महाविद्यालयासमोर फरसबंदीत ‘पी’ आणि ‘एच’ ही दोन रोमन अक्षरे बसविली आहेत. पॅट्रिक हॅमिल्टन या तरुणाला १५२८ साली त्याच्या मतांसाठी तेथे जाळण्यात आले. त्या अक्षरांवर पाय पडला तर परीक्षेत अपयश येते, अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. समजूत भाबडी खरी. परंतु जवळजवळ पाचशे वर्षांनंतरही शेकडो तरुण पावले त्या जागी आपोआप बाजूला वळतात, हेही एक स्मारकच नव्हे काय?

लॉगॅरिदमचा शोध लावणारा जॉन नेपियर याच विद्यापीठात शिकला. दुर्बिणीत आरशाचा उपयोग कसा करावा हे १६६३ साली सांगणारा जेम्स ग्रेगरी १६६८ पासून सहा वर्षे येथे गणिताचा प्राध्यापक होता. ताऱ्यांच्या वेधासाठी त्याने आपल्या खोलीत दक्षिणोत्तर रेषा आखली. तीच रेषा आज दक्षिण रस्त्याच्या पदपथावर धातूच्या पट्टीने दाखविली आहे. येथेच असताना, १६७१ साली, त्याने एका पत्रात एक गणिती श्रेढी लिहून पाठविली. तीच श्रेढी त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी केरळातील माधव या गणितज्ञाने शोधली होती. म्हणून आज तिला माधव आणि ग्रेगरी या दोघांचेही नाव दिले जाते. हजारो कोसांचे अंतर, एकमेकांची ओळखदेखील नाही आणि तरीही बुद्धी एकाच सत्यापाशी येऊन पोहोचली!

ज्ञानाचे दार मात्र सर्वांना एकाच वेळी उघडले नाही. १८६२ साली एलिझाबेथ गॅरेट या तरुणीने वैद्यकाच्या अभ्यासासाठी येथे नाव नोंदविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिला नाकारण्यात आले. ती पुढे इंग्लंडमधील अग्रगण्य स्त्री-डॉक्टर झाली. १८७७ पासून या विद्यापीठाने स्त्रियांसाठी एक स्वतंत्र पदविका-परीक्षा सुरू केली आणि १८९२ साली त्यांना पदवीच्या वर्गांत प्रवेश मिळाला. आपल्या महाराष्ट्राशीही या विद्यापीठाचा एक धागा जुळलेला आहे. येथे शिकलेले रॉबर्ट नेस्बिट हे मिशनरी १८२७ साली मुंबईस आले. आरंभी ते कोकणात राहिले आणि मराठी भाषेवरील आपल्या प्रभुत्वामुळे नावाजले गेले.

विद्यार्थ्यांच्या एका प्रथेमागे पराक्रमाची कथा आहे. रविवारी प्रार्थना आटोपली की लाल झगे घातलेले विद्यार्थी रांगेने बंदराच्या लांब धक्क्यावर चालत जातात आणि टोकापर्यंत जाऊन परततात. १८०० च्या जानेवारीत ‘जॅनेट’ नावाचे गलबत वादळात सापडून गावाजवळच्या वाळूत रुतले. किनाऱ्यावर माणसे उभी होती, परंतु त्या थंडगार, खवळलेल्या पाण्यात शिरण्याचे धाडस कोणाला होईना. तेव्हा जॉन हनी नावाचा विद्यार्थी पुढे झाला. पोहत जाऊन त्याने गलबतावरील पाच जणांचे प्राण वाचविले. धक्क्यावरील ही पदयात्रा त्याच्याच स्मरणार्थ आहे, असे परंपरा मानते.

आता गावाच्या पश्चिमेला असलेल्या माळाकडे वळू. समुद्र मागे हटला, वाऱ्याने वाळूचे ढीग रचले, त्यांवर बारीक चिवट गवत उगवले आणि हा उंचसखल माळ तयार झाला. अशा जमिनीला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगर धरावा असा तिचा कस नाही. म्हणून गावकरी तिचा वापर मेंढ्या चारण्यासाठी, कपडे वाळविण्यासाठी आणि खेळण्यासाठी करीत. आपल्याकडील गायरानासारखीच ही गावाच्या सामाईक मालकीची जमीन होती. गोल्फचा खेळ येथे रुजला तो याच कारणाने. खुरटे गवत मेंढ्यांनी आणि सशांनी राखले, वाऱ्यापासून आडोसा घेणाऱ्या मेंढ्यांनी पाडलेले वाळूचे खळगे पुढे खेळातील अडथळे ठरले. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली या खेळावर बंदीही घातली होती. कारण त्याच्या नादाने लोक धनुर्विद्येचा सराव सोडू लागले होते. १७६४ साली येथील खेळगड्यांनी काही लहान टप्पे एकत्र केले आणि मैदान अठरा खळग्यांचे झाले. पुढे हीच संख्या सर्व जगाने स्वीकारली.

१५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन याने एका सनदेने मान्य केले की, या माळावर ससे पाळण्याचा हक्क आपला असला, तरी खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा हक्क गावकऱ्यांचा आहे. हा कागद पुढे मोलाचा ठरला. १७९७ साली नगरसभा कर्जात बुडाली आणि तिने माळ विकला. तो ज्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला, त्यांनी मांस आणि कातडी यांच्या लाभासाठी तेथे मोठ्या प्रमाणावर ससे पाळले. सशांनी माळ पोखरून काढला, खेळणे अशक्य झाले. गावकरी आणि व्यापारी यांच्यात हाणामाऱ्या झाल्या, खटले चालले. हा तंटा ‘सशांचे युद्ध’ म्हणून ओळखला जातो. १८२१ साली शेजारच्या एका जमीनदाराने माळ विकत घेऊन तो खेळासाठी वाचविला आणि अखेर १८९४ साली संसदेच्या कायद्याने तो पुन्हा नगराच्या मालकीचा झाला. १९७४ साली दुसरा कायदा होऊन त्याची व्यवस्था एका सार्वजनिक न्यासाकडे आली.

याचा परिणाम आज डोळ्यांनी पाहता येतो. जगातील नामांकित खेळाडू ज्या ‘ओल्ड कोर्स’वर आयुष्यात एकदा तरी खेळण्याची इच्छा बाळगतात, ते मैदान कोणा धनिकाच्या कुंपणात नाही. त्यावर खेळण्यासाठी सोडतीत नाव घालता येते. काही मोठ्या स्पर्धांचे दिवस वगळले, तर रविवारी तेथे खेळ बंद असतो. त्या दिवशी आजीआजोबा नातवंडांना घेऊन हिरवळीवरून फिरतात, कुत्री बागडतात, स्विल्कन ओढ्यावरील जुन्या दगडी पुलावर मुले उड्या मारतात. माळालाही आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळते. पलीकडे जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची पश्चिम पुळण पसरलेली आहे. तीही सर्वांना मोकळी.

गाव पाहून झाले की किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे. फाइफच्या किनाऱ्याने १८७ किलोमीटर लांबीची पायवाट काढलेली आहे. तिचा काही भाग भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे लागते. प्रारंभीच एक नवलाचा खडक भेटतो. प्राचीन ज्वालामुखीच्या रसापासून तो बनला आहे. थिजताना त्यातील दगडी कांडे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे पसरले, म्हणून लोकांनी त्याला सूतकताईच्या चरख्यावरून नाव दिले.

पुढे क्रेल हे गाव लागते. १३१० साली रॉबर्ट ब्रूसने त्याला नगराची सनद दिली. येथील घरांच्या बाजूच्या भिंती वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होतात आणि छपरांवर लाल कौले असतात. पूर्वी या बंदरातून मीठ, कोळसा आणि खारवलेले मासे हॉलंडकडे जात. परतताना रिकाम्या गलबतांना भार हवा, म्हणून तळाशी कौले भरून आणीत. लहानशा बंदरात आजही खेकडे आणि शेवंडी पकडण्याचे पिंजरे रचलेले दिसतात.

त्यापुढील अँस्ट्रुदर हे गाव हेरिंग माशावर वाढले. हा मासा आपल्या तारलीच्या कुळातला. मोसम आला की त्याचे थवेच्या थवे किनाऱ्याजवळ येत आणि बंदर होड्यांनी गजबजून जाई. पुरुष जाळी ओढीत, तर मासे साफ करून पिंपांत मिठाने भरण्याचे काम स्त्रियांकडे असे. सुरी लागू नये म्हणून त्या बोटांना चिंध्या बांधीत. तरीही जखमा होतच आणि मीठ त्यांत झोंबे. हेरिंगच्या थव्यांमागोमाग या स्त्रिया उत्तरेकडील शेटलंड बेटांपासून इंग्लंडच्या यार्मथ बंदरापर्यंत प्रवास करीत. परंतु समुद्राची देणगी अमर्याद नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या उपसागरातील हिवाळी हेरिंग नाहीसा झाला आणि त्याबरोबर गावाचे जुने वैभवही ओसरले. त्या जीवनाची आठवण राहावी म्हणून १९६९ साली येथे मासेमारीचे संग्रहालय उघडण्यात आले. तेथे होड्या, जाळी, पिंपे, होकायंत्रे जपून ठेवली आहेत. समुद्रावरून न परतलेल्यांचेही तेथे स्मरण केले जाते.

अँस्ट्रुदरहून होडीने मे नावाच्या बेटावर जाता येते. १६३६ साली या बेटावर स्कॉटलंडचा पहिला कायमचा दीप पेटला. तो तेलाचा नव्हता. मनोऱ्याच्या माथ्यावर लोखंडी शेगडीत रात्रभर दगडी कोळसा जाळीत. वादळी रात्री जागून कोळसा घालीत राहणाऱ्या त्या राखणदाराच्या कष्टांवर कितीक खलाशांचे प्राण अवलंबून असत! १८१६ साली रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याने तेथे नवे दीपगृह बांधले. १९५६ पासून हे बेट राष्ट्रीय निसर्गराखीव आहे. उन्हाळ्यात रंगीत चोचीचे हजारो पफिन पक्षी तेथे जमिनीत बिळे करून पिले वाढवितात. प्रवाशांनी आखलेली वाट सोडू नये असा नियम आहे. कारण बाजूला पडलेले पाऊल एखाद्या घरट्यावर पडू शकते.

हा सारा किनारा जितका सुंदर, तितकाच नाजूक आहे. वाऱ्यालाटांनी वाळूच्या टेकड्या झिजतात. समुद्राची पातळी वाढत असल्याने हे संकट पुढे अधिक गंभीर होणार आहे. म्हणून पश्चिम पुळणीवर टेकड्यांची डागडुजी चालते. लांब मुळांचे एक विशिष्ट गवत हाताने लावले जाते. ते वाळूला धरून ठेवते आणि वाऱ्याने आलेली नवी वाळू अडविते. टेकडी वाचली तर तिच्यामागचा माळ वाचतो. त्या माळावर कोणा एकाची मालकी नाही. म्हणूनच त्याच्या रक्षणाची जबाबदारी साऱ्या गावावर येऊन पडते. चारशे-पाचशे वर्षे सनदा, खटले आणि कायदे यांनी राखलेले हे सामाईक धन आता गवताच्या काड्यांनी राखावयाचे आहे.